माळ्यावरचा वाटाणा

"उंबरठ्याच्या आत आलं ते बाईचं, बाहेर राहिलं ते वाऱ्याचं."

हे पेत्रोना सुनुकचं बोलणं. चुइसाक गावात तिच्याआधी कितीतरी आयांनी ते उच्चारलं असेल, पण तिच्याइतकं कोणी वापरलं नाही. शेजाऱ्याची कोंबडी आत शिरून अंडं घालून गेली, की पेत्रोना ते अंडं चुलीजवळ ठेवायची आणि हेच म्हणायची. पाहुणा आत येऊन बसला आणि जेवायला नको म्हणाला, तर त्याच्यापुढे मक्याची भाकरी ठेवून हेच म्हणायची. तिच्या मुलानं, माकारियोनं, देल्फिनाला लग्न करून आणलं तेव्हा पोरीची आई अंगणात रडत उभी होती. पेत्रोनानं सुनेच्या हाताला धरून तिला आत ओढलं, विहिणीकडे वळून हेच म्हणाली, आणि रडता रडता विहिणीला हसू फुटलं.

देल्फिनाला हे वाक्य पुढची कितीतरी वर्षं नुसतं ऐकू येत राहिलं, जसा ओढा ऐकू येतो तसं. त्याचा अर्थ तिला कळला तो फार उशिरा, आणि कळला तेव्हा तिच्या हातात शिडी होती.

चुइसाकमध्ये मका शेतात उभा असतो तोवर पुरुषाचा. कुदळीनं जमीन खणणं, बी टोकणं, बुंध्याला माती चढवणं, दाणा भरला की ताटं अर्ध्यात मोडून कणसं खाली तोंड करून वाळू देणं, हे सगळं त्याचं. मग तो कणसं जाळीत भरतो, जाळीचा पट्टा कपाळाला लावून ओझं पाठीवर घेतो, डोंगर उतरून घरी येतो, उंबरठा ओलांडतो, शिडीनं माळ्यावर चढवतो. शिडीवरून त्याचा पाय जमिनीला लागला की तो मका त्याचा राहत नाही. त्यानंतर त्याला एक कणीस हवं असलं, अगदी बियाण्याला हवं असलं, तरी त्यानं विचारायचं. बाई नाही म्हणाली तर नाही. माळ्यावर किती उरलंय, कधीपर्यंत पुरवायचं, भाकरी जाड थापायची की पातळ, हे ती जाणे. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही. श्वास घ्यायची रीत कोणी लिहून ठेवतं का?

पैशाला मात्र उंबरठा नाही. पैसा खिशात बसतो, आणि खिसा माणसाबरोबर चालत घराबाहेर जातो.

पेत्रोनाला हे लहानपणीच कळलं होतं. तिचे दुधाचे दात पडत होते त्या वर्षी तिचा बाप बायको-पोरांना घेऊन खाली किनाऱ्याकडच्या कॉफीच्या मळ्यावर मजुरीला गेला. तिथं राहायला एक लांबलचक छप्पर होतं, खांबांवर टेकवलेलं, भिंती नसलेलं. त्याखाली डोंगरातली सगळी गावं शेजारी शेजारी झोपायची. मजुरी बापाच्या हातात पडायची. मळ्यातच दुकान होतं, दुकानात दारू होती, आणि बाप काही वाईट माणूस नव्हता, नुसता दमलेला होता. पेत्रोनाच्या धाकट्या भावाचे पाय आधी सुजले, मग तोंड सुजलं. शेजारणी म्हणाल्या, पोर बाळसं धरतंय. तो मेला तेव्हा तिच्या आईनं एकदाही बापाला दोष दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "इथं उंबरठाच नाही गं. मी काय करू?"

हे पेत्रोनानं देल्फिनाला एकदाच सांगितलं होतं, वरवंटा चालवता चालवता, मान वर न करता.

पुढे तिचं लग्न आतानासियोशी झालं. हसरा माणूस होता. माकारियो रांगत असताना तो ऊस तोडायला गेला आणि ताप घेऊन परत आला, आठवड्यात गेला. उरली ती डोंगरउतारावरची एक पट्टी. पेत्रोनानं कुदळ हातात घेतली. पुरुषाचं काम बाईनं केलं म्हणून गावानं नावं ठेवली, आणि तिनं गावाला नावं ठेवली. तिच्या मक्याच्या ताटांवर काळा घेवडा चढायचा, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकायची, आणि मधल्या जागेत न पेरता माठ उगवायचा, कामोणी उगवायची. मूठभर खुडायची, चुलीवर टाकायची. पोट रोज भरायचं असं मी म्हणणार नाही. कापणीच्या आधीचे महिने वाईटच असायचे, माळा रिकाम्या घड्यासारखा वाजायचा. पण पाव भाकरी असली तरी ती आधी माकारियोच्या हातात पडायची, कारण ती कोणाच्या हातात पडायची हे पेत्रोना ठरवायची. माकारियो उंच झाला. चुइसाकच्या मानानं फारच उंच. दारातून वाकून आत यावं लागे त्याला.

त्याच माकारियोनं डोंगरावर वाटाणा आणला.

साधा वाटाणा नव्हे. त्याला तिकडे चिनी वाटाणा म्हणतात. चपटी कोवळी शेंग असते, दाणा भरायच्या आत तोडायची, सालासकट खायची. आपण नाही, त्यांनी. समुद्रापलीकडे. काठ्या रोवायच्या, सुतळी ताणायची, औषधं मारायची, आणि शेंगा दलालाच्या गाडीत घालायच्या. दलालाचं नाव एर्नान. दर तोडणीला त्याची गाडी रस्त्यावर उभी राहायची. प्रत्येक गोणीत हात घालून तो शेंगा बाहेर काढायचा, उजेडाला धरायचा. वाकडी असली तर बाजूला. एक ठिपका असला तर बाजूला. त्या बाजूला काढलेल्या शेंगा डुकरांना जायच्या.

देल्फिनाला खोटं बोलायचं नाही. वाटाण्यानं तिला सुख दिलं. पहिल्या वर्षी भिंती झाल्या, सिमेंटच्या विटांच्या. दुसऱ्या वर्षी पत्रा आला. थोरल्या लेकीच्या, ओदिलियाच्या, पायात शाळेत जाताना बूट आले. सासूनं विटांच्या भिंतीवर हात फिरवून म्हटलं होतं, "गार आहे, पण सरळ आहे." पेत्रोनाच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

मग वाटाणा अर्ध्या पट्टीवरून पाऊण पट्टीवर गेला, आणि एका वर्षी माकारियोनं मका पेरलाच नाही. "विकत घेऊ की," तो म्हणाला. "वाटाण्याच्या पैशात दुप्पट मका येतो, नान." चुइसाकमध्ये आईला नान म्हणतात, आणि पेत्रोनाला तर सारं गावच नान म्हणायचं.

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. येत होता दुप्पट मका. फक्त तो माळ्यावर येत नव्हता. माकारियोच्या खिशातून पैसे निघतील तेवढाच यायचा, आणि निघतील तेव्हाच यायचा. आधी औषधवाल्याचे जायचे, मग खताचे, मग सुतळीचे, मग कोणाच्या तरी लग्नाचे. पूर्वी माकारियो शिडीखाली उभा राहून विचारायचा, "नान, दोन कणसं देतेस?" आता देल्फिना दारात उभी राहून विचारायची, "मक्याला काही देतोस का?" मागणारा हात बदलला होता. हात बदलला की घर बदलतं, भिंती कितीही सरळ असोत.

आणि वेळ कुठं होता? दिवस उजाडला की देल्फिना आणि ओदिलिया वाटाण्यात. शेंग आज तोडली नाही तर उद्या मोठी होते, मोठी झाली की एर्नान घेत नाही. घेवडा शिजायला अर्धा दिवस लागतो आणि भाराभर लाकूड. पाकिटातल्या शेवया हातपाय धुईस्तोवर शिजतात. मग शेवया. मग काळी कॉफी, चमचा उभा राहील इतक्या साखरेची. माकारियो गाडीपाशी गेला की पोरींसाठी रंगीत पाण्याची बाटली आणायचा आणि पाकिटातला कुरकुरीत खाऊ. त्याचा जीव होता पोरींवर. धाकटी इमेल्दा वाटेकडे डोळे लावून बसायची, बाटली दिसली की नाचायची.

माठ आणि कामोणी औषधानं जळून गेली. बांधावर थोडी उरली होती ती पेत्रोनानं एकदा खुडून आणली. त्या दिवशी दोन्ही पोरी ओकत राहिल्या. त्यानंतर पेत्रोना बांधाकडे बघायची आणि तशीच पुढे जायची, जणू ओळखीचं माणूस भेटलं आणि त्यानं मान फिरवली.

अशात आरोग्यवाल्या बाईंनी गावातल्या आयांना बोलावलं. शाळेच्या आवारात सगळ्या बसल्या. बाई चांगल्या होत्या, लांबून आल्या होत्या, धुळीनं माखल्या होत्या. त्यांनी भिंतीवर चित्र लावलं: अंडी, घेवडा, हिरवी भाजी, दूध. "आईला माहीत असलं पाहिजे, लेकराला काय द्यायचं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," पेत्रोना मागून म्हणाली. "चित्रातलं सगळं माझ्या शेतात होतं, दूध सोडलं तर. पण बाई, एक विचारू? या सभेत खिसेवालं कोणीच दिसत नाही."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"पुरुष कामावर असतात ना, नान," बाई म्हणाल्या.

"आणि ही माझी सून काय नाचायला आलीय? वाटाण्याची ओळ अर्धी सोडून आलीय. ती शेंग उद्या मोठी होईल, आणि तिचा नवरा म्हणेल, कुठं फिरत होतीस?"

बाई हळूच म्हणाल्या, "मला पुरुषांना बोलवायला सांगितलेलं नाही." पेत्रोना त्यांच्यावर रागावली नाही. ज्यानं सांगितलं नव्हतं तो तिथं नव्हता. तो कधीच तिथं नसतो.

मग गावच्या देवाचा सण आला.

सणाला पोरी नवी विणलेली चोळी घालतात आणि कमरेला पट्टा गुंडाळतात. ओदिलियासाठी पेत्रोनानं एक पट्टा विणला होता, ती इमेल्दाएवढी होती तेव्हा. लाल, मध्ये हिरवी नक्षी. तो पेटीत जपून ठेवला होता. सकाळी देल्फिनानं तो काढला आणि इमेल्दाला चुलीपुढे उभं करून गुंडाळायला लागली. पेत्रोना भाकऱ्या थापत होती.

पट्टा फिरत राहिला. देल्फिनाला वाटलं, आपण सैल धरलाय. तिनं सोडला, पुन्हा ओढून गुंडाळला. शेवटचं टोक खोचायला घेतलं तर ते हातात लांबच्या लांब उरलं. ओदिलियाला खोचण्यापुरतं बोटभर टोक राहायचं, हे देल्फिनाला नीट आठवत होतं. तिनंच तर खोचलं होतं. आता तेच टोक इमेल्दाच्या गुडघ्याखाली लोंबत होतं. इमेल्दानं ते धरून झोका दिला आणि हसली. "शेपूट," ती म्हणाली.

थापायचा आवाज थांबला होता. देल्फिनानं वळून पाहिलं. सासूच्या हातात पीठ तसंच होतं.

"कातरून टाकू का, नान?" देल्फिना म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

"पट्टा बरोबर आहे," पेत्रोना म्हणाली.

एवढंच. मग तिनं ती भाकरी तव्यावर टाकली. पण देल्फिनाच्या आत काहीतरी उकळायला लागलं ते त्या क्षणी. दलाल एक एक शेंग उजेडाला धरतो. वाकडी नको, ठिपका नको, बोटापेक्षा लांब नको, आखूड नको. समुद्रापलीकडच्या कोणाच्या ताटात ती नीट दिसावी म्हणून देल्फिनाची नखं हिरवी झाली, पाठ वाकली. आणि तिच्या पोरीला उजेडाला धरून कोणी पाहिलं नाही. तिनं स्वतः पाहिलं नाही. शेंगेचा ठिपका चालत नव्हता, लेकराचा चालत होता.

सण झाल्यावर पेत्रोनानं मुलाला समोर बसवलं. "या तोडणीचे पैसे मला दे. मका भरते, घेवडा भरते, चार कोंबड्या घेते. पुढचं तू बघ."

"या तोडणीचे गुंतलेत, नान."

"कशात?"

माकारियोनं भिंतीकडे पाहिलं. "मोटारसायकल बघितलीय. औषधाची पिंपं पाठीवर किती दिवस वाहू? एकदा गाडी आली की शहरातून मका स्वस्त आणता येईल. सगळ्यांच्या भल्याचंच करतोय."

"आणि तोवर?"

"तोवर मी कोणाला उपाशी ठेवलंय का? घरात रोज चूल पेटते."

"चूल पेटते रे. धूर खाऊन पोर वाढत असती तर इमेल्दा तुझ्याएवढी झाली असती."

माकारियो उठून गेला. त्याला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि चांगल्या माणसाला वाईट वाटलं की तो बाहेर जातो.

तोडणीच्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. वरच्या वळणावर दरड रस्त्यात आली आणि एर्नानची गाडी पलीकडेच अडकली. निरोप आला: सकाळी येतो, शेंगा गार जागेत ठेवा. गोण्या गल्लीत भिजत होत्या. वाटाण्याच्या गोण्या कधी घरात येत नसत. शेतातून थेट रस्त्यावर जात. माकारियोनं इकडे तिकडे पाहिलं. पत्र्याखालची खोली दमट होती. माळा मात्र रिकामा होता. वारा खेळणारा, फटीफटीच्या फळ्यांचा, मका वाळावा म्हणून बांधलेला.

"माळ्यावर चढवू," तो म्हणाला.

त्याचा थोरला चुलता, तात बिसेंते, हात लावायला आला. म्हातारा होता पण खांदा अजून पक्का. देल्फिनानं शिडी धरली. एक एक गोणी उंबरठा ओलांडून आत आली, शिडीनं वर गेली. पेत्रोना चुलीपाशी बसून बघत होती.

"कुठं ठेवतोयस रे?" तिनं विचारलं.

"दिसत नाही का? माळ्यावर."

"कोणाच्या?"

माकारियो वरून हसला. घामेजलेला, भिजलेला, काम उरकल्याचा आनंद झालेला. "तुझ्याच माळ्यावर, नान. आणखी कोणाच्या?"

"ऐकलंत ना, तात?" पेत्रोना म्हणाली.

तात बिसेंतेनं ओझ्याखालून मान डोलावली. त्यानं काय ऐकलं हे त्याला तेव्हा कळलं नसावं. माकारियो शिडीवरून उतरला आणि त्याचा पाय जमिनीला लागला. देल्फिनानं सासूकडे पाहिलं. सासू साखर न घालता कॉफी पीत होती आणि तिचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता इतका शांत होता.

सकाळी ऊन पडलं. गाडीचा भोंगा वाजला तसा माकारियो आत आला.

"शिडी कुठंय?"

"आहे," पेत्रोना म्हणाली. ती भाकऱ्या थापत होती.

"आहे म्हणजे कुठं?"

"ठेवली तिथं."

"नान, गाडी उभी आहे. ऊन चढलं की शेंग मरगळते."

"उंबरठ्याच्या आत आलं ते बाईचं," पेत्रोना म्हणाली. "तूच आणलंस. तूच चढवलंस. कोणाचा माळा ते तूच सांगितलंस."

माकारियो आधी हसला. मग त्याला कळलं की आई हसत नाही. "तो मका असतो, नान. हा वाटाणा आहे."

"माळ्याला विचार, त्याला फरक कळतो का."

आवाज चढले. भोंगा पुन्हा वाजला. तात बिसेंते गल्ली ओलांडून दारात आला, उंबरठ्याबाहेरच थांबला.

"तात, तुम्ही सांगा हिला," माकारियो म्हणाला. "रीत मक्याची आहे."

म्हातारा टोपी काढून हातात फिरवत राहिला. "मी अठरा-वीस वर्षांचा होतो," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा आईच्या माळ्यावरून कणसं चोरली, दारूसाठी. बापानं मला याच गल्लीत झोडपलं. म्हणाला, माझ्या खिशातलं चोरलं असतंस तर एकदा मारलं असतं." तो थांबला. "माळ्यावर घेवडा ठेवला तर कोणाचा, माकारियो?"

"बाईचा."

"भोपळा?"

माकारियोनं वर माळ्याकडे पाहिलं.

"मग हा हिरवा आहे म्हणून पुरुषाचा होतो, असं मला काही कोणी शिकवलेलं नाही. मला आवडत नाही हे. माझ्याही घरी वाटाणा आहे. पण जे आहे ते आहे."

"सडेल तो वर," माकारियो आईला म्हणाला. आता त्याचा आवाज फाटला होता. "सगळ्या हंगामाचे कष्ट. सडू देशील?"

"सडू दे. सडलेला वाटाणा आणि तुझ्या खिशातला वाटाणा, माझ्या नातीच्या पोटाला दोन्ही सारखेच."

"मी दारू पितो का? मी बायका करतो का? काय गुन्हा केला मी?"

"पीत नाहीस म्हणून तर तुझ्याशी बोलतेय. दारुड्याशी बोलले नसते. शिडीच तोडली असती."

देल्फिना लाकडं आणायच्या निमित्तानं मागे गेली. तिला तिथं राहवत नव्हतं. वाफेच्या न्हाणीघराच्या मागे, गवतात, शिडी आडवी पडली होती. तिनं ती पाहिली आणि उचलली. का उचलली हे तिला सांगता आलं नसतं. शिडी घेऊन ती अंगणात आली तशी माकारियोला दिसली.

"शाबास," तो म्हणाला. "आण इकडे. तूच शहाणी आहेस या घरात."

पेत्रोना दाराशी आली. ती सुनेला काही म्हणाली नाही. हातातलं पीठ नुसतं चोळत राहिली. वाट अडवायला ती पुढे आली नाही, आणि देल्फिनाला उमगलं की ती येणारही नाही. पेत्रोनानं तिच्याकडून होतं ते केलं होतं. पुढचा माळा सुनेचा.

इमेल्दा तिथंच होती. सणानंतरही तो पट्टा ती काढू देत नव्हती. टोक चिखलात ओढलं जात होतं.

"माकारियो," देल्फिना म्हणाली. "घेवड्याला पैसे मागितले मी गेल्या बाजाराला. तेव्हा तू कुठं पाहिलंस, आठवतं?"

"कुठं पाहिलं?"

"आभाळाकडे. मी दारात उभी होते आणि तू आभाळाकडे बघून म्हणालास, पाऊस दिसतोय. मी काय आभाळाची बायको आहे?"

तात बिसेंतेनं खाकरल्यासारखं करून हसू गिळलं.

"हिला बघ," देल्फिना म्हणाली. तिनं इमेल्दाच्या पट्ट्याचं टोक उचलून धरलं. "ओदिलियाला हे बोटभर उरायचं. शेंगा बघतोस तशी बघ. उजेडाला धरून बघ."

माकारियोनं पाहिलं. उंच माणूस, त्याला खाली वाकावं लागलं. त्यानं टोक हातात घेतलं, पोरीच्या कमरेपर्यंत बोटानं माग काढत नेलं, आणि तिथंच थांबला. इमेल्दाला गुदगुल्या झाल्या.

"शिडी मी लावते," देल्फिना म्हणाली. "शेंगा सडवायच्या नाहीत, त्यात माझी पाठ आहे. पण एर्नान देईल ते नानच्या हातात देईल. आणि पुढच्या तोडणीची गोणी आधी उंबरठ्याच्या आत येईल, पाऊस असो, ऊन असो. नसेल कबूल तर शेंगा तोडायला दुसरी बघ."

उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि शिडी माळ्याला लावली.

गोण्या खाली आल्या, गल्लीत गेल्या. एर्नाननं सवयीनं हात घातला, शेंगा उजेडाला धरल्या, वाकड्या बाजूला टाकल्या. पेत्रोना शेजारी उभी राहून बघत होती.

"आज नान व्यापाराला?" तो म्हणाला. "वाटाणा खाऊन बघितलात का कधी?"

"खाल्ला. गवत बरं."

तो हसला. पैसे काढले आणि हात आपोआप माकारियोकडे गेला. माकारियोचा हातही आपोआप पुढे आला, इतकी वर्षं येत होता तसा. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग त्यानं तो मागे घेतला, खिशात घातला, आणि खिशातच ठेवला. "तिला द्या," तो म्हणाला, रस्त्याकडे बघत.

पेत्रोनानं नोटा घेतल्या, दुमडल्या, कमरेच्या पट्ट्यात खोल खोचल्या. मग भिंतीवरची रिकामी जाळी काढली, कपाळपट्टा खांद्यावर टाकला आणि बाजाराच्या वाटेला लागली. दरडीपलीकडचा बाजार, चालत अर्ध्या दिवसाची वाट.

"नान," माकारियोनं मागून हाक मारली. "गोणीभर मका तुझ्यानं उचलायचा नाही. मी येऊ?"

"आत्ता नको," ती न वळता म्हणाली. "संध्याकाळी पुलापाशी ये, मोठी जाळी घेऊन. मका उंबरठ्यापर्यंत आणणं पुरुषाचं काम आहे."

ती चालत राहिली, बुटकी, रुंद, चिखलात पाय रोवून टाकत. देवदारांच्या वळणापर्यंत ती दिसत होती. तात बिसेंते आपल्या दारातून बघत होता, आणि त्याच्यामागे त्याची म्हातारी बायको, जी एरवी बाहेर येत नसे. माकारियो गल्लीत बघत उभा होता, हात अजून खिशात. देल्फिना उंबरठ्यावर होती. इमेल्दा तिच्या पायाशी बसून पट्ट्याचं टोक तोंडात धरून चघळत होती. देल्फिनानं वाकून ते तिच्या तोंडातून काढलं, पुसलं, आणि वळणाकडे पाहत हातात धरून ठेवलं.